उसण की नागीण? बरगडीच्या कळेत या चुका टाळा

सोयाबीन काढणीच्या दिवसांत माजलगाव-परळीकडच्या दवाखान्यांत बरगडी धरून येणारे बरेच. "उसण भरली, डॉक्टर." बहुतेकदा उसणच असते. या मावशी मात्र तीन दिवस विटेनं शेकून थकल्या होत्या. पाठीपासून स्तनाखालपर्यंत एकाच पट्ट्यात आग. पोलक्याचा स्पर्शही सहन होईना. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या पट्ट्यावर पाण्याचे फोड होते, वरून गेरू थापलेला.

पुरळ नाही म्हणजे नागीण नाही, ही पहिली चूक. कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ, मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून असतो. जागा झाला की आधी आग होते, फोड बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी येतात.

दुसरी चूक महागात पडते: उतरवून घेत बसणं. "नागिणीचं तोंड-शेपूट जुळून अंगाभोवती वेढा पुरा झाला तर सासूबाई जातील का हो?" सुनेनं दबक्या आवाजात विचारलं. छातीच्या मणक्यांतून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात. डावा तंतू डाव्या बगलेनं पुढं येतो, उजवा उजवीनं; शरीराच्या मधल्या रेषेशी दोघांची हद्द संपते. मी तिला फोडांची रांग दाखवली, ती छातीच्या मधल्या हाडाशी थांबलेली. क्वचित दोन्हीकडे पसरते. तेव्हा माणूस जातो असं नाही, पण प्रतिकारशक्ती का घटली ते शोधावं लागतं.

गेरूपायी वेळ जातो, हे खरं नुकसान. फोड दिसल्यापासून 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. मोठ्यांना सहसा असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस; किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणू नका. वयस्करांत फोड सुकल्यावरही कळ महिनोन्महिने राहू शकते.

दुखतं तिथंच बिघाड असतो असंही नाही. छातीच्या मणक्यांतून निघणाऱ्या दहाव्या तंतूची पातळी बेंबीपाशी. अपेंडिक्सच्या संवेदना त्याच पातळीवर पोचतात, म्हणून सुरुवातीची कळ बेंबीभोवती, आणि घरचे ओवा देत बसतात. खालच्या बरगड्यांचे तंतू पोटाच्या भिंतीलाही जातात. ताप-खोकल्यातलं पोर पोट धरून रडत असेल तर छाती तपासून घ्या. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम असेल तर शेक नको, आधी ईसीजी.

फोडातल्या पाण्यानं कांजिण्या न झालेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. मावशींचा दीड वर्षांचा नातू तेव्हा त्यांच्याच मांडीवर बसला होता.