घर मुलांच्या नावावर करताय? या चुका टाळा

ठाण्यात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बारा वर्षं झाली. घर मुलाच्या नाहीतर मुलीच्या नावावर करायचं म्हणून जी फाईल समोर येते त्यात हटकून त्याच चुका असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बक्षीसपत्रात (हयातीतच घर देऊन टाकण्याच्या कागदात) स्वतःच्या राहण्याबद्दल काहीच न लिहिणं. आमच्या बी विंगमधल्या मावशी, फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर, मुलाला बक्षीस देऊन मोकळ्या झाल्या. मुलाला घाई, एजंटने कुठून तरी दोन पानी नमुना आणला, नाव-पत्ता बदलला आणि झाली सही. दोन वर्षांनी मुलगा म्हणतो फ्लॅट विकायचाय, तू गावी राहा. मावशी झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आल्या, मी दोन्ही पानं तीनदा वाचली, 'ताबा व सर्व हक्कांसह' एवढंच, मावशींच्या राहण्याबद्दल किंवा सांभाळाबद्दल एक शब्द नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळाच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही तर प्रांतांकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण अट कागदावरच नसेल तर ती होती हे सिद्ध करता करता जीव जातो. मावशींनी दीड वर्ष हेलपाटे घातले, शेवटी भावाने मध्यस्थी केली तेव्हा कुठे मिटलं.

तेव्हापासून कोणीही आलं की मी कागदावर दोन ओळी लिहून हातात देतो: 'लिहून देणार हयात असेपर्यंत सदर सदनिकेत राहतील' आणि 'लिहून घेणार त्यांचा सांभाळ व औषधोपचार करतील'. लिहून देणार म्हणजे घर देणारे तुम्ही, लिहून घेणार म्हणजे घर घेणारा मुलगा नाहीतर मुलगी. हे घेऊन वकिलाकडे जा. या ओळींवरून मुलाचा चेहरा पडला तर त्या दिवशी सहीच करू नका, घर कुठे पळून जात नाही.

दुसरी चूक, 'नॉमिनी लावलाय, काम झालं'. नाही झालं! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तुमच्या पश्चात बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो. एकालाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा नाहीतर बक्षीसपत्र.

नोटरी केलेल्या कागदावर घर बक्षीस देता येत नाही, रजिस्ट्रेशन आणि दोन साक्षीदार लागतातच. राहतं घर मुलाला-मुलीला देताना महाराष्ट्रात स्टँप ड्युटी २०० रुपये आहे, शहरात वर सेस लागतो तो वेगळा, मग शॉर्टकट मारून वाचवताय काय?

होम लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी.

वडिलोपार्जित घर असेल तर ते एकट्याने देऊन टाकता येत नाही, २००५ पासून मुलींचाही त्यात मुलांइतकाच हिस्सा आहे, बहिणींना आधी विचारा.

रजिस्ट्रेशन झालं की लोक पेढे वाटून फाईल कपाटात टाकतात. इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा) घेऊन सोसायटीत अर्ज द्या, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या, मालमत्ता कर आणि लाइट बिलही बदला. आणि बाबांचं मूळ अॅग्रीमेंट रद्दीत टाकू नका, पुढे मुलाने घर विकलं की कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) काढताना बाबांची खरेदी किंमतच धरतात.