तोरा कोणी लिहिली हा प्रश्न पडला की काय करायचं

अभ्यास करता करता एक दिवस वाचनात येतं की बहुतेक संशोधक तोरा, म्हणजे यहुद्यांचा पाच पुस्तकांचा मूळ धर्मग्रंथ, एकट्या मोशे संदेष्ट्याने लिहिली असं मानत नाहीत, वेगवेगळ्या काळातले मजकूर नंतर कोणीतरी एकत्र गुंफले असं म्हणतात, आणि मग शब्बाथला (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी) मेणबत्त्या लावताना मन थोडं खट्टू होतं. असं झालं तर पुस्तक बंद करू नका आणि शब्बाथही सोडू नका, दोन्ही चालू ठेवा.

आधी मूळ मजकूर स्वतः वाचा, कोणाचं तरी मत ऐकून नाही. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट घ्या. तोराच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 6:19 मध्ये, प्रत्येक प्राण्याची एकच जोडी तारवात घ्यायची आहे, आणि 7:2 मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. संशोधक म्हणतात ह्या दोन गोष्टी विणून एक केल्यात. मग तिथेच राशी हा मध्ययुगीन भाष्यकार काय म्हणतो बघा, जास्तीचे प्राणी बाहेर आल्यावर बलिदानासाठी. म्हणजे सातचा आकडा त्यालाही खटकला होताच ना, फक्त उत्तर त्याने वेगळं दिलं.

मग परंपरेतच असे प्रश्न कुठे आलेत ते शोधा, मला सगळ्यात जास्त धीर ह्यानेच आला. तोराच्या शेवटच्या आठ ओळींत मोशेच्या मृत्यूचं वर्णन आहे, त्या मोशेचा वारसदार यहोशवाने लिहिल्या असं एक मत तल्मूदमध्येच, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहातच आहे (बाबा बत्रा हा भाग). 12 व्या शतकातला भाष्यकार इब्न एझ्रा ‘तेव्हा त्या देशात कनानी लोक होते’ ह्या ओळीपाशी थांबतो (‘तेव्हा होते’ म्हणजे लिहिताना नव्हते, पण मोशेच्या काळी तर होते), इथे एक गुपित आहे म्हणतो, आणि समजलेल्याने गप्प राहावं म्हणतो. यरुशलेमी तल्मूद तर सांगतो की यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात तोराच्या तीन प्रती सापडल्या, पाठभेद होते, मग दोन प्रतींत जे जुळलं ते ठेवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन प्रश्न वेगळे ठेवा. कोणी कधी लिहिलं हा इतिहासाचा प्रश्न, मला हे बंधनकारक का आहे हा देवाशी झालेल्या कराराचा, आणि एकाच्या उत्तराने दुसरा आपोआप सुटत नाही. संशोधक ज्या अज्ञात संपादकाला ‘आर’ (‘रिडॅक्टर’चा आर) म्हणतात तो आपला रब्बेनू, म्हणजे आपला गुरू, असं यहुदी तत्त्वज्ञ रोझेनझ्वाइगने म्हटलं. रब्बी मोर्दखाय ब्रॉयर मात्र वेगळीकडून जातात, विसंगती खऱ्या आहेत पण देवानेच एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या बाजू मांडल्यात म्हणतात. मला पहिलं जास्त पटतं, तुम्हाला दुसरं पटू शकतं. मैमोनिदीस ह्या मध्ययुगीन यहुदी विद्वानाचं आठवं तत्त्व (सगळी तोरा मोशेला देवाकडूनच मिळाली) शब्दशः धरणाऱ्यांना पहिलं मान्य होणं अवघड आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

संशोधनही डोळे उघडे ठेवून वाचा हां. जर्मन संशोधक वेलहाउझेनने 1878 मध्ये तोराच्या स्रोतांबद्दल जे मांडलं त्यात नंतरचा यहुदी धर्म म्हणजे घसरण असा सूर होता, आणि यहुदी विद्वान शेख्टरने 1903 मध्ये त्यावर सडकून टीका केली. आज तर स्रोत किती आणि कुठले ह्यावर संशोधकांचंच एकमत नाही.

शक्यतो एकट्याने बसू नका, हव्रूता म्हणजे अभ्यासाचा जोडीदार शोधा, जो तुमच्याशी वाद घालेल. आणि तल्मूदमधलं मेनाखोत 29ब वाचा दोघं मिळून. त्यात मोशे कितीतरी शतकांनंतरच्या रब्बी अकिवाच्या वर्गात मागे आठव्या रांगेत बसतो, त्याला काहीच कळत नाही, बिचाऱ्याचं अवसान गळतं. मग एक विद्यार्थी विचारतो, गुरुजी हे कुठून आलं, आणि अकिवा म्हणतो, सिनायवर मोशेला मिळालेलं आहे, ते ऐकून मोशे शांत होतो.