केलेल्या सजावटीतून पुढचे काम कसे मिळवावे: फूल व्यावसायिकांसाठी

फुलांची सजावट दुकानात मांडून ठेवता येत नाही. पहाटे मार्केट यार्डातून आणलेला निशिगंध रात्री मंडप उतरवताना निर्माल्यात जातो, आणि चार महिन्यांनी चौकशीला आलेल्या कुटुंबापुढे ठेवण्यासाठी आपल्याकडे त्या कामाची नोंद तेवढी उरते. म्हणून ही नोंद सवडीने करायची गोष्ट न मानता कामाचाच भाग मानावी आणि ती कोणी करायची हे आदल्या दिवशीच ठरवून टाकावे.

सजावट पूर्ण झाल्यापासून पाहुणे येईपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, तो फोटोंसाठी राखावा. मंडपवाल्यांना रंगीत दिवे क्षणभर बंद करायला सांगावे, कारण निळ्या-जांभळ्या उजेडात शेवंती पांढरी होती की पिवळी हेही कळत नाही. व्यासपीठाचा आणि प्रवेशद्वाराचा एकेक फोटो घेतल्यावर एक फोटो अगदी जवळून घ्यावा: माळेत झेंडू किती घट्ट ओवला आहे, आंब्याची पाने कशी दुमडली आहेत, कमानीच्या कडेला तार उघडी पडली आहे का, हे त्यात दिसले पाहिजे. कार्य आटोपल्यावर तीच चौकट पुन्हा टिपावी. मे महिन्यातल्या दुपारीही फुले टवटवीत राहिली, हे दाखवणारी अशी जोडी माझ्या मते दहा देखण्या फोटोंहून अधिक काम मिळवून देते.

नुसत्या फोटोने मात्र चौकशी करणाऱ्याचा खरा प्रश्न सुटत नाही. त्याला आपल्या कार्यालयात, आपल्या मुहूर्ताला, आपल्या खर्चात हे जमेल का, एवढेच जाणून घ्यायचे असते. त्यामुळे फोटोखाली चार ओळींचा मजकूर असावा, आणि तो साधारण असा: ‘मे महिना, सकाळचा साखरपुडा, उघडी गच्ची. यजमानांना गुलाबाची पार्श्वभूमी हवी होती. उन्हात पाकळ्या कोमेजतील म्हणून झेंडू आणि शेवंतीच्या माळा घेतल्या, मोगरा केवळ वधूच्या वेणीसाठी आणि पाटाभोवती वापरला. मांडणी पहाटे चारला सुरू, साडेसातला पूर्ण.’ यात स्वतःची स्तुती नाही, पण अडचण ओळखणारा माणूस समोर आहे याची खात्री पटते. महिना अवश्य लिहावा. मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात असतो, दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लाल गुलाब महागतो. महिन्याविना दिलेली किंमत पुढे वादाचे कारण ठरते.

परवानगीच्या बाबतीत ढिलाई नको. ऑर्डरच्या पावतीवरच ‘सजावटीचे फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्यास संमती आहे / नाही’ अशी ओळ छापून तिथे सही घ्यावी, आणि माणसांचे चेहरे दिसणार असतील तर त्यासाठी स्वतंत्रपणे विचारावे. यजमानांच्या छायाचित्रकाराकडून मिळालेले फोटो आपले होत नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालकी हक्क ते काढायला सांगणाऱ्याचा, म्हणजे इथे यजमानांचा, असतो. डोहाळजेवणाच्या फोटोंना विशेष जपावे. फुलांचे दागिने ल्यालेली ती स्त्री कितीही शोभून दिसत असली, तरी ही बातमी कोणाला आणि केव्हा कळावी हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. तिथे झोपाळा, धनुष्यबाण आणि दागिन्यांचे ताट एवढेच दाखवावे. अंत्यसंस्काराच्या पुष्पचक्राचा फोटो जाहिरातीत कधीही वापरू नये, संमती असली तरीही.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये कामे तारखेप्रमाणे न लावता प्रसंगाप्रमाणे लावावीत: बारसे, मुंज, साखरपुडा, वास्तुशांत, गौरी-गणपती. इन्स्टाग्रामवरही हीच विभागणी ठेवावी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पण घराघरांत बोलणी आणि कार्यालयांची शोधाशोध त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असते. म्हणून गेल्या हंगामातील लग्नांची कामे चातुर्मासातच लोकांच्या नजरेसमोर आणावीत.

याहून खात्रीचा मार्ग मंगल कार्यालयांतून जातो. ज्या कार्यालयात आपण काम केले, तिथल्याच व्यासपीठाचे आणि जिन्याचे निवडक फोटो छापून एक छोटा अल्बम तिथल्या व्यवस्थापकांकडे ठेवावा. तारीख नोंदवायला आलेल्या वधूपित्याला ती जागा सजलेली पाहायला मिळते आणि कल्पना करण्याचे काम उरत नाही. केटरिंगवाल्यांशी आणि गुरुजींशी संबंध असतील तर उत्तमच.

अभिप्राय कार्यानंतर दोन-तीन दिवसांनी, घरातील धावपळ ओसरल्यावर मागावा. ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘छान’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी माणसे वेळेवर आली का, हार पुरले का, नंतर आवराआवर नीट झाली का, असे विचारावे. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, पण त्यांना विचारूनच वापरावीत. गूगलवरील अभिप्रायासाठी सवलत देऊ नये. ते गूगलच्या नियमांत बसत नाही.

वर्षातून एकदा सगळा संग्रह चाळावा. जे फूल आता आपण पुरवत नाही, जी पद्धत सोडली आहे, ते फोटो काढून टाकावेत. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीतील थर्माकोलवर बंदी असल्याने त्याची अक्षरे किंवा मखर दिसणारी जुनी कामे तर सर्वांत आधी हटवावीत, आणि एखाद्या यजमानांनी पूर्वी दिलेली संमती मागे घेतली तर कारण न विचारता त्यांचा फोटो त्याच दिवशी उतरवावा.