चादरीच्या खोक्यातून रोटरी इंजिन

बाईकच्या गप्पांत रोटरीचा, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनचा विषय निघाला की सगळे माना हलवतात, कळत कुणालाच नसतं. मलापण व्हिडिओ बघून कळलं नव्हतं, पुठ्ठ्यावर करून बघितलं तेव्हा डोक्यात शिरलं. सोलापुरात चादरीच्या खोक्यांना काय तोटा, त्यातलाच एक जाड पुठ्ठा घ्या.

40 मिमी व्यासाची चकती कापून कोऱ्या कागदाच्या मधोमध चिकटवा, ही हलता कामा नये. मग रोटर कापा, तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण, मध्यापासून प्रत्येक टोक 70 मिमी, बाजू मधोमध 13 मिमी बाहेर फुगवायच्या आणि आत 60 मिमीचं गोल भोक. भोक चकतीवर बसवून आतली कड चकतीला टेकवत फिरवायचं. घसरतंय म्हणून मी दोन्ही कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि सगळंच गंडलं, कारण ट्यूबची जाडी धरून 40 आणि 60 यायला पाहिजे होतं, त्यामुळे चकती जरा लहान आणि भोक जरा मोठं कापा.

आता एका टोकाला पेन्सिल धरून हळूहळू फिरवा. कागदावर भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार उमटतो, लांबी 160, कंबर 120 मिमी, हेच इंजिनचं हाउसिंग, म्हणजे रोटर ज्यात फिरतो ते बाहेरचं कवच! टोक जाग्यावर येईपर्यंत हात तीन वेळा फिरतो बघा. हात म्हणजे शाफ्ट, इंजिनची ताकद बाहेर नेणारा दांडा. तीन बाजू, तीन फेऱ्या, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला एक स्फोट, आपल्या सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोकला तो दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो. म्हणून तर क्रायटन या ब्रिटिश कंपनीची सीआर700डब्ल्यू बाईक दोन रोटर आणि 690 सीसीतून 220 बीएचपी सांगते, वजन फक्त 129.5 किलो. नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या 588 सीसी रोटरीवर स्टीव्ह हिस्लॉपने 1992 ची सीनियर टीटी, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरची बाईक रेस मारली होती, आणि ती नॉर्टन कंपनी 2020 पासून आपल्या टीव्हीएसची आहे, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही.

मग रस्त्यावर का दिसत नाही? शेंगेच्या एकाच बाजूला कायम जाळ, दुसऱ्या बाजूला कायम गार हवा, त्यामुळे हाउसिंग सगळीकडे सारखं तापत नाही. सुझुकीने 1974 च्या आरई5 मध्ये पाणी आणि ऑइल दोन्हीने कूलिंग केलं होतं. जळायची जागा लांबट म्हणून पेट्रोल नीट जळत नाही, ॲव्हरेज बोंबलतं. आणि गॅस गळू न देणारी सील बसतात कुठे, तर त्या तीन टोकांवर, तीच घासून झिजतात. शंभर फेऱ्या मारून तुमच्या रोटरची टोकं बघा, पुठ्ठा मऊ पडलेला असेल.