अननस, मानकुराद आणि काकडी : उन्हाळी सॅलड सासवाच्या वाटणात कसे करावे

एप्रिल उजाडला की गोव्यातल्या दमट उकाड्यात दुपारच्या जेवणावरची वासनाच उडते. ताटात हुमण (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी) आणि भात वाढलेला असतो, पण हात आधी कोशिंबिरीकडे जातो. या दिवसांत फळे आणि भाज्या एकत्र करून केलेले थंडगार सॅलड जेवणाला जोड म्हणून, किंवा रात्री हलके खायचे असल्यास जेवणाऐवजीही चालते. मात्र बहुतेक घरांत हे सॅलड चिरताना छान दिसते आणि पानात येईपर्यंत पाण्यात तरंगू लागते. काकडीत सुमारे 95 टक्के आणि कलिंगडात सुमारे 92 टक्के पाणी असते, त्यामुळे उन्हाळी सॅलड करणे म्हणजे मुख्यतः हे पाणी सांभाळणे होय. हे एकदा जमले की चवीचे काम सोपे असते.

चवीसाठी येथे बाटलीतले ड्रेसिंग न घेता सासवाचे वाटण घेतले आहे. कोकणीत मोहरीला सांसवां म्हणतात. ओला नारळ, मोहरी, सुकी मिरची आणि गूळ यांच्या वाटणात आंबा किंवा अननस घालून केलेला सासव गोव्यातल्या सणासुदीच्या पानात असतोच. हा पदार्थ मुळातच फळांचे सॅलड आहे, त्याला फक्त कोणी त्या नावाने हाक मारलेली नाही. आपण त्यात कच्च्या भाज्यांची भर घालणार आहोत आणि वाटण थोडे घट्ट ठेवणार आहोत.

चार माणसांसाठी मध्यम आकाराचा अर्धा अननस, दोन मानकुराद आंबे, दोन कोवळ्या काकड्या, एक लहान कांदा, अर्धी वाटी ओले काजूगर आणि चवीपुरती एक फोड कैरी घ्यावी. वाटणासाठी पाऊण वाटी खवलेला ओला नारळ, अर्धा चहाचा चमचा मोहरी, एक किंवा दोन सुक्या लाल मिरच्या आणि एक मोठा चमचा किसलेला गूळ लागेल. माडाचा गूळ मिळाला तर तोच घ्यावा, कारण त्याची धुरकट, किंचित खारट गोडी अननसाच्या आंबटपणाला उसाच्या गुळापेक्षा अधिक शोभते.

बाजारात काय पाहावे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी काकड्या टोपलीत मांडून बसलेल्या बायका भेटतात. त्यांच्याकडून काकडी घेताना लांबी-रुंदीपेक्षा देठाकडे पाहावे. देठ हिरवा आणि काकडी दाबल्यावर टणक लागली तर ती कोवळी आहे. मधोमध फुगलेली, पिवळसर झाक आलेली काकडी बियांनी भरलेली असते आणि सॅलडात पाणी सोडण्याचे मुख्य काम तीच करते. अशी काकडी घरी आलीच असेल तर तिचे तवसाळे, म्हणजे काकडीचा गोड केक, करावे, सॅलड करू नये.

मानकुरादाबद्दल सांगायचे तर हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या एका डझनासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात आणि तो आंबा चिरून मोहरीत घालण्याचे धाडस करणारा गोंयकार मी तरी पाहिलेला नाही. मेच्या मध्यावर भाव उतरले की हे सॅलड करावे. आंबा पिकलेला हवा, पण बोटाने दाबल्यावर खड्डा पडता कामा नये. मऊ झालेल्या आंब्याच्या फोडी ढवळताना मोडतात आणि सगळ्या सॅलडाचा आमरस होतो. मानकुराद हे नाव पोर्तुगीज ‘मालकोरादा’, म्हणजे रंग नीट न भरलेला, यावरून आले असे सांगितले जाते. सालीच्या रंगावरून पिकलेपण ओळखणे कठीण असल्यामुळे देठाजवळचा वास घेऊन खात्री करावी. 2023 मध्ये गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात नाकावर भरवसा ठेवणेच बरे.

अननसाचा वास बुडाकडून घ्यावा. गोड वास आला तर फळ तयार आहे, आंबूस दारूसारखा वास आला तर ते उतरून गेले आहे.

चिरण्यापूर्वी

सर्व फळे आणि भाज्या अखंड असतानाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात. सोलायच्या फळांनाही ही सूट नाही, कारण सुरी सालीवरची माती आणि जंतू आतल्या गरापर्यंत घेऊन जाते. आंबे अर्धा तास पाण्यात ठेवावेत, म्हणजे देठाकडचा चीक धुऊन जातो. धुतल्यावर सर्व काही कोरड्या फडक्याने पुसून अखंड स्वरूपातच दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. चिरून थंड करण्यापेक्षा थंड करून चिरणे केव्हाही चांगले, कारण चिरलेल्या फोडी फ्रिजमध्ये बसल्या बसल्या रस सोडतात.

ओले काजूगर सालासकट आणले असतील तर ते कोमट पाण्यात तासभर भिजवावेत, साल बोटांनी सुटते. अखंड ओली बी घरी फोडायची असल्यास हाताला खोबरेल तेल लावूनच फोडावी. टरफलातला चीक कातडी भाजतो आणि त्याचे डाग आठवडाभर जात नाहीत. एरवी बाजारातून सोललेले गर आणण्यात कसलाही कमीपणा नाही.

पाणी कसे काढावे

काकडीचे देठाकडचे टोक कापून एक चकती चाखून पाहावी. कडवटपणा बहुधा देठाकडे आणि सालीलगत असतो, त्यामुळे थोडी कडू लागल्यास त्या बाजूचा आणखी भाग आणि साल काढून टाकावी. संपूर्ण काकडीच कडू असेल तर ती टाकून द्यावी. नंतर काकडी उभी चिरून चमच्याच्या टोकाने मधला बियांचा बुळबुळीत भाग खरवडून काढावा आणि उरलेल्या भागाच्या नखाएवढ्या फोडी कराव्यात. या फोडींना पाव चमचा मीठ चोळून त्या चाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मीठ काकडीच्या पेशींतले पाणी बाहेर ओढून घेते आणि चाळणीखालच्या वाटीत चांगले तीन-चार चमचे पाणी जमा झालेले दिसते. फोडी हाताने हलक्या दाबून कोरड्या कराव्यात. त्या थोड्या लवचीक होतात, पण कुरकुरीतपणा जात नाही, उलट दाताखाली अधिक छान लागतात.

यातच मिठाचा नियम येतो. मीठ एकतर बरेच आधी लावून सुटलेले पाणी काढून टाकावे, नाहीतर अगदी वाढताना घालावे. या दोन्हींच्या मधल्या वेळेत घातलेले मीठ सॅलड बुडवते. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका कार्यासाठी मी म्हापशाहून फोंड्याला मोठ्या डब्यात सॅलड नेले होते. घरून निघतानाच मीठ घालून सारखे केले होते आणि डबा उघडला तेव्हा वरच्या कोथिंबिरीखाली दोन बोटे पाणी साचले होते. माझ्या मावशीने काही न बोलता ते गाळून घेतले, पाणी सोलकढीत ओतले आणि उरलेले पानात वाढले. तेव्हापासून मी मीठ वेगळ्या पुडीत नेतो.

अननस सोलताना साल जाडसर काढण्याऐवजी पातळ काढून डोळे तिरप्या खाचा पाडून काढावेत, म्हणजे गर वाया जात नाही. मधला कडक दांडा काढून बाकीच्या लहान फोडी कराव्यात आणि मिठाच्या पाण्यातून पाच मिनिटे काढून निथळत ठेवाव्यात. अननसाने जिभेला चुरचुरते ती तक्रार याने बरीच कमी होते. अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलेन नावाचे एन्झाइम असते. म्हणूनच कच्चा अननस दह्यात घातला तर अर्ध्या तासात दही कडू लागू लागते. ज्यांना दह्याचेच सॅलड हवे असेल त्यांनी अननसाच्या फोडी आधी पाच मिनिटे वाफवून गार कराव्यात. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होते. नारळाच्या वाटणात ही अडचण सहसा जाणवत नाही, तरी फोडी वाटणात घालून तासन्‌तास ठेवू नयेत.

कांदा जमेल तितका पातळ उभा चिरून गार पाण्यात दहा मिनिटे ठेवावा आणि घट्ट पिळून घ्यावा. आंबा सर्वांत शेवटी सोलावा. कैरीची एक फोड अगदी बारीक चिरावी, ती आंबटपणासाठी आहे.

वाटण

सासवाचा सगळा जीव मोहरीत आहे आणि बहुतेकांची चूकही मोहरीतच होते. मोहरीचा झणका दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की आतले एन्झाइम काम सुरू करते आणि मग तो नाकात जाणारा तिखटपणा तयार होतो. गरम पाणी वापरल्यास हे एन्झाइमच मरते आणि वाटण बेचव होते, म्हणून पाणी गारच हवे. दुसरी गोष्ट म्हणजे मोहरी नारळाबरोबर सुरुवातीपासून मिक्सरमध्ये फिरवली तर वाटणाला कडवटपणा येतो. तेव्हा आधी नारळ, भिजवलेली मिरची, गूळ आणि तीन-चार चमचे गार पाणी एवढेच बारीक वाटून घ्यावे आणि शेवटी मोहरी घालून मिक्सर दोनदा, फार तर तीनदा, क्षणभर फिरवून थांबावे. वाटणात मोहरीचे काळे-तपकिरी कण दिसायला हवेत. झणका सौम्य हवा असेल तर मोहरी कोरड्या तव्यावर किंचित भाजून घ्यावी, तडतडेपर्यंत नव्हे.

मिरची रंगाची हवी, जाळाची नको. काणकोणातल्या खोला गावची मिरची मिळाली तर उत्तम, नाहीतर बेडगी चालेल. नारळ आदोळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, खवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग खवू नये, त्याने वाटणाचा रंग मळकट होतो. वाटण हाताला इडलीच्या पिठाएवढे घट्ट लागले पाहिजे. पातळ झालेच तर त्यात आणखी एक मूठ नारळ घालावा. वाटून झाल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मगच चाखावे, कारण मोहरीला चढायला तेवढा वेळ लागतो. वाटताबरोबर चाखून मोहरी कमी वाटली म्हणून आणखी घालणारे लोक नंतर डोळे पुसत जेवतात.

एकत्र करणे आणि वाढणे

पसरट भांड्यात आधी काकडी, कांदा, कैरी आणि काजूगर घेऊन त्यांना अर्धे वाटण लावावे. त्यावर अननस घालून उरलेले वाटण घालावे आणि लाकडी चमच्याने खालून वर असे दोन-तीनदाच हलवावे. आंब्याच्या फोडी वरून सोडाव्यात, ढवळू नयेत. मीठ पाट-पाणी झाल्यावर, म्हणजे माणसे जेवायला बसल्यावरच घालावे. काकडीला आधी मीठ लागलेले असल्यामुळे त्याचे प्रमाण बेताचे ठेवावे. फोडणीची गरज नाही, तरी कोणाला हवीच असेल तर खोबरेल तेलात चिमूटभर हिंग आणि चार कढीलिंबाची पाने पुरेत. मोहरी मात्र फोडणीत पुन्हा घालू नये.

एक बाब मनावर घेण्यासारखी आहे. वाटलेला ओला नारळ या हवेत फार लवकर विटतो आणि कापलेली फळेही बाहेर टिकत नाहीत. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर हे सॅलड फ्रिजबाहेर तासाभरापेक्षा अधिक ठेवू नये. सहलीला किंवा समुद्रावर नेताना वाटण, कोरड्या फोडी आणि मीठ वेगवेगळ्या डब्यांत, बर्फाच्या पेटीत न्यावे आणि तिथे बसल्यावर एकत्र करावे.

कलिंगडाचे सॅलड करायचे असल्यास मात्र हे वाटण वापरू नये. कलिंगड इतके पाणीदार आणि चवीने इतके मवाळ असते की मोहरी त्याला गिळून टाकते. बार्देशातल्या पर्रा गावचे किंवा कुठलेही टणक कलिंगड घेऊन त्याच्या बिया काढलेल्या मोठ्या फोडी कराव्यात. त्यावर दोन चमचे भिरंडीचे आगळ (कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस), चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिन्याची फाडलेली पाने आणि एक हिरवी मिरची बारीक चिरून घालावी आणि लगेच खायला घ्यावे. आगळात मीठ असतेच, त्यामुळे वरून पुन्हा घालू नये. फोडींच्या तळाशी जो गुलाबी रस उरतो तो गाळून, थोडे गार पाणी घालून ग्लासात ओतावा. आमच्या घरी तो कोणी प्यायचा यावर दरवर्षी भांडण होते.