म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडले असतील तर

सांधे दुखत असले तरी कुत्रा सहसा कण्हत नाही. उठताना तो पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं धड ओढून घेतो, जिन्यापाशी थबकतो, एकच सांधा चाटत बसतो. दवाखान्यात गेल्यावर मात्र धास्तीने बऱ्यापैकी नीट चालतो आणि दुखणं लपून जातं. म्हणून आधी घरीच मोबाइलवर व्हिडिओ घ्या: झोपेतून उठतानाचा, आणि चालतानाचा एकदा बाजूने, एकदा मागून. तो पशुवैद्यांना दाखवा.

फरशीचं काम मात्र आजच करता येतं, आणि त्याचा फरकही लगेच दिसतो. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि ते सावरण्याचा सगळा ताण दुखऱ्या खुब्यांवर येतो. बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, खाली रबर असलेल्या मॅट सलग अंथरा. मध्ये हातभर फरशी उघडी राहिली तर तो नेमका तिथेच अडतो. सुटी सतरंजी पायाखालून सरकते, त्यापेक्षा काही नसलेलं बरं.

मग पंजा उलटून बघा. गाद्यांमधले केस बाहेर आले असतील, तर मोजे घालून फरशीवर चालावं तसे पाय घसरतात. ते गादीच्या पातळीला कापा. तो उभा असताना नखं जमिनीला टेकत असतील तर तीही वाढली आहेत. वाढलेली नखं बोटं वर ढकलतात आणि गादीची पकड जाते. एका वेळी १–२ मिलिमीटरच कापा. काळ्या नखात रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कापलेल्या टोकाच्या मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबा.

वजनाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागायला हव्यात. लठ्ठ कुत्र्याचं वजन ६–८ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याचं साधारण दोन किलो, तरी लंगडणं कमी होऊ शकतं. खाणं काट्यावर मोजून द्या, वरचा खाऊही त्यातच धरा.

फिरवणं बंद करू नका. स्नायू रोडावले की सांध्यांवरचा भार वाढतो. एका लांब फेरीऐवजी १०–१५ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या मारा. दुसऱ्या दिवशी तो जास्त आखडला, तर आदल्या दिवशीचं फिरणं जास्त झालं. चेंडू फेकणं मात्र बंद: झेप आणि गर्रकन वळणं सांध्यांना सोसत नाही. बिछान्याच्या गादीवर मूठ दाबल्यावर जमीन लागली तर गादी पातळ आहे. शेक १०–१५ मिनिटं द्या, पण आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघा. सुजलेला, गरम लागणारा सांधा शेकू नका.

घरातल्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकला की यकृत जातं. पशुवैद्य मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखं औषध देतात. ते खाण्यासोबत द्या आणि सांगितलेल्या वेळी रक्त तपासून घ्या. कुत्र्याचं स्टेरॉइड चालू असेल तर आधीच सांगा, कारण ही औषधं त्यासोबत देत नाहीत. उलटी, मंदावलेली भूक किंवा काळी शी दिसली तर पुढचा डोस थांबवून फोन करा.

मागचे पाय अचानक फरफटू लागले किंवा लघवी होईनाशी झाली, तर दुखणं मणक्याचं असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.