गुपचूप सत्कार कसा करायचा, तोही सत्कारमूर्तीला शेवटपर्यंत कळू न देता

प्रत्येक मंडळात आणि ऑफिसात एक माणूस असतो जो कार्यक्रमाआधी दऱ्या टाकतो, नंतर गुंडाळतो, आणि फोटोत कधीच दिसत नाही कारण फोटो निघतो तेव्हा तो मागे चहाचं बघत असतो. त्याला आधी विचारलंत तर "अरे माझा कशाला, दुसऱ्या कोणाचा करा" म्हणून मोकळा होणार. म्हणून सरप्राइज. आमच्या इंदूरात असे घरगुती सत्कार बरेच होतात, काही मस्त होतात आणि काही नुसते शाल-नारळ उरकतात, तर नीट कसं करायचं ते लिहितो.

आधी घरच्यांना विचारा

बाकी सगळं नंतर. वहिनींना किंवा मुलांना बाजूला घेऊन स्पष्ट विचारायचं की हे त्यांना आवडेल का, तब्येत कशी आहे, हार्टचा त्रास वगैरे असेल तर लाइट बंद करून एकदम ओरडणं असले प्रकार नकोत. काही लोकांना चारचौघांत कौतुक खरंच सहन होत नाही, त्यांच्यासाठी दहा-बारा जणांत घरीच करा, त्यात काही कमी होत नाही. घरचे एकदा सामील झाले की अर्धं काम झालं, कारण त्या दिवशी त्यांना बरे कपडे घालून वेळेवर बाहेर काढणं फक्त घरच्यांनाच जमतं.

तारीख, जागा, वेळ

रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) हे दोन दिवस सोडा, राजवाड्याकडचे रस्तेच बंद असतात आणि निम्मे पाहुणे जेल रोडला अडकतात. मोठा कार्यक्रम असेल तर रवींद्र नाट्यगृह, दुआ सभागृह वगैरे आहेत पण ती आधीपासून बुक असतात आणि खरं सांगू, पन्नास माणसांसाठी एवढा हॉल घेतला तर रिकाम्या खुर्च्याच दिसतात. कॉलनीचा हॉल किंवा ऑफिसची मीटिंग रूम बेस्ट. संध्याकाळ ठेवलीत आणि माइक लावलात तर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही हे ध्यानात असू द्या. माझं मत विचाराल तर रविवारी सकाळी ठेवा, पोहे-जलेबी सांगून टाका, कोणी नाही म्हणत नाही आणि सगळे दुपारच्या जेवणाला घरी.

बहाणा

बहाणा जितका कंटाळवाणा तितका चांगला. "सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची मीटिंग आहे, काका तुम्ही आल्याशिवाय निर्णय होणार नाही" असं म्हटलं की असा माणूस हमखास येतो, कारण कामाला बोलावलंय. वाढदिवस, पार्टी असलं काही सांगितलंत की संशय आलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप करा पण त्याचं नाव "काकांचा सत्कार" ठेवू नका प्लीज, मोबाइल टेबलावर पडलेला असतो आणि वरती नोटिफिकेशन चमकतं. "वर्गणी बाकी" असं नाव ठेवा, कोणी वाकून बघणार नाही. आणि ग्रुपमध्ये घेताना कॉन्टॅक्ट दोनदा तपासा, एकाच आडनावाचे चार जण प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात.

मानपत्र, म्हणजे खरं काम

शाल कोणीही आणतं. पण घरी गेल्यावर शाल कपाटात जाते आणि मानपत्र भिंतीवर राहतं, सून वाचते, नातू वाचतो, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

मजकूर एकट्याने बसून लिहायचा नाही. आठ-दहा जणांना फोन करा. सगळे आधी "फार चांगले आहेत हो, फारच मदत करतात" असंच म्हणतील, ते लिहून घेऊ नका, पुढे विचारा, कधी? काय केलं होतं? मग बाहेर येतं की कोणाच्या वडिलांना रात्री एम. वाय. हॉस्पिटलला नेलं तेव्हा हे पहाटेपर्यंत बाकड्यावर बसून होते, किंवा नव्या आलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात व्हाउचर कसं भरायचं हे तीन वेळा न चिडता शिकवलं. हेच मानपत्रात पाहिजे. "कर्तव्यनिष्ठ, मनमिळाऊ, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व" हे शब्द कोणालाही चिकटवता येतात, त्यातला एकही नाही घातला तरी चालेल.

वर श्री लिहा, मग नाव, मग थेट त्यांच्याशी बोलल्यासारखं "आपण" धरून. उदाहरणार्थ: "गणपतीच्या दहा दिवसांत हॉलची किल्ली कुठे आहे हा प्रश्न आपल्यामुळे आम्हाला कधी पडला नाही. वर्गणीच्या वहीत एक रुपयाचा फरक आला तर आपण तो सापडेपर्यंत जेवला नाहीत, आणि सापडल्यावर कोणाची चूक होती ते सांगितलं नाहीत." असं. शेवटी "आपले स्नेहांकित", तारीख, गाव, आणि खाली सगळ्यांच्या खऱ्या पेनाने केलेल्या सह्या. दीडशे-दोनशे शब्द पुरे, वाचायला दोन मिनिटं.

आता छपाई. इथले डीटीपीवाले बहुतेक हिंदीत काम करतात, हात सवयीने चालतो, त्यामुळे काळे यांचे काले होतात, "मिळाले" चं "मिलाले" होतं आणि मधूनच एखादा "आहे" नुसता "है" होऊन बसतो. मजकूर टाइप करूनच द्या, तरी फायनलच्या आधी कागदावर प्रूफ काढून घ्या, मोबाइलवर झूम करून ळ दिसत नाही. नाव, वडिलांच्या नावाचं अक्षर आणि आडनाव घरच्यांकडून खात्री करून घ्या, कारण चुकीच्या नावाचं मानपत्र फ्रेम होऊन आलं की काही करता येत नाही. ऑफिसातले हिंदी भाषिक मित्र असतील (इंदूरात असणारच) तर वाचून झाल्यावर दोन वाक्यांत हिंदीतून सार सांगा, ते बिचारे नुसते टाळ्या वाजवत बसतात.

शाल वगैरे

शालीऐवजी महेश्वरी उपरणं किंवा बाई असतील तर महेश्वरी साडी द्या. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले तेव्हापासूनचं हे आपल्याकडचं काम, आणि उन्हाळ्यात जाड शाल अंगावर घेऊन घामाघूम झालेला सत्कारमूर्ती बघवत नाही. काहीही आणलं तरी आदल्या रात्री प्लास्टिकमधून काढा, किमतीची चिठ्ठी काढा, आणि घडीत दुकानदाराने खोचलेल्या टाचण्या एकेक मोजून काढा, मानेवर टोचते ती नेमकी राहिलेली. नारळ शेंडीवाला. पगडी घालायची असेल तर डोक्याचं माप लागतं, घरची जुनी टोपी मागवून घ्या, नाहीतर भाषणभर एका हाताने पगडी धरून बसावं लागतं. आणि हो, औक्षणाच्या तबकात काडेपेटी ठेवा, ती कधीच नसते.

प्रत्यक्ष दिवशी

सगळ्यांना अर्धा तास आधीची वेळ सांगा. चपला दाराबाहेर ढीगभर दिसू देऊ नका, मीटिंगला एवढी गर्दी कुठून असं होतं. आत आले की टाळ्या, मग त्यांना बसवा, पाणी द्या, लगेच माइक हातात देऊ नका. प्रास्ताविक छोटं, औक्षण, मानपत्र वाचन, मग शाल-श्रीफळ, मग एक-दोन जणांनी बोलायचं. इथे जरा सक्ती करा. 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात भरलंय, भाषणाची हौस आपल्यात मुरलेली आहे, एकदा माइक मिळाला की माणूस सत्कारमूर्तीला विसरून स्वतःच्या आठवणीत जातो. तीन मिनिटं, तिसऱ्याला खूण करायची.

सत्कार कोणाच्या हस्ते? नेत्यांची वाट बघत तासभर पोहे गार करण्यापेक्षा जुन्यातल्या जुन्या सहकाऱ्याच्या हस्ते करा, किंवा त्या मुलीच्या हस्ते जिला त्यांनी व्हाउचर शिकवलं. मनोगताचा आग्रह एकदाच, तयारी नसते त्यांची, "धन्यवाद" म्हणून बसले तरी पुरे. एकाने फक्त फोटो काढायचे, बाकीच्यांनी मोबाइल खिशात.

पोहे वाफेवर ठेवलेले असतील तर भाषणं थोडी लांबली तरी चालतात, शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळं ठेवा. थर्माकोलच्या प्लेटा नकोत, स्टीलच्या भाड्याने मिळतात, 2017 पासून स्वच्छतेत नाव काढलेल्या गावात ओला-सुका कचरा एकत्र टाकलात तर सकाळी गाडीवालाच ऐकवेल. आणि सत्कारमूर्तींना दऱ्या उचलायला जाऊ देऊ नका, ते जाणारच, आधीच दोन पोरांना दऱ्यांवर नेमून ठेवा.

जाताना एक गाडी त्यांच्यासाठी ठेवा. ते आलेले असतात स्कूटरवर आणि परत न्यायला काचेची फ्रेम, नारळ, गुच्छ आणि पेढ्यांचा डबा. स्कूटर कोणीतरी मागून घरी पोचवा, किल्ली मागून घ्यायला विसरू नका. हिशेब दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका, फक्त त्याआधी बघून घ्या की कोणी उत्साहाच्या भरात काकांनाच त्या ग्रुपमध्ये घेतलं नाहीये ना, नाहीतर ते रात्रीच स्वतःची वर्गणी पाठवून देतील.